नाना ऊद लावतात

‘बी विंगमधले नाना रोज रात्री नऊ ते साडेदहा ऊद लावतात, कृपया बंद करावे,’ अशी तक्रार सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिल्यांदा आली, तेव्हा अर्ध्या लोकांनी धुराबद्दल मतं दिली. एकाला दमा होता. दुसऱ्याचं म्हणणं, पावसाळ्यात डासांना ऊद चांगलाच, लावू द्या की. तळमजल्यावरच्या आजींनी कुठल्या दुकानाचा ऊद म्हणून चौकशी केली आणि मिळाल्यास पावशेर आणून द्यायला सांगितला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका पोराने तर ऊदमांजराचा फोटो टाकून खाली ‘हे?’ असं विचारलं.

शेवटी मला मध्ये पडावं लागलं. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि नानांच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे या विषयातला अधिकारी पुरुष मीच. मी लिहिलं, की हा ऊद जळणारा नव्हे, वाजणारा आहे. अरबांचं तंतुवाद्य. नाना तो लावतात म्हणजे सुरात लावतात. यावर ज्याची मूळ तक्रार होती त्याने एकच ओळ लिहिली: ‘तेच म्हणतोय. लावतात कशाला, वाजवा की!’

नाना बावीस वर्षं मस्कतला इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये होते. २०१४ साली कायमचे परत आले ते दोन बॅगा, एक मिक्सर आणि हे वाद्य घेऊन. विमानतळावर ‘या पेटीत काय’ असं विचारल्यावर नानांनी प्रामाणिकपणे ‘ऊद’ म्हणून सांगितलं आणि पुढचा पाऊण तास पेटीचा वास घेण्यात गेला. त्यात चूक कुणाचीच नव्हती. अरबीत ऊद म्हणजे मुळात लाकूड. तिकडे अत्तराचं सुगंधी लाकूडही ऊद आणि वाजवायचा तोही ऊदच. पहिल्याचा भाव सोन्याशी स्पर्धा करतो. दुसऱ्याला विरारमध्ये भाव मिळायला अजून अवकाश आहे.

वाद्य दिसायला देखणं. मागे भोपळ्यासारखा फुगीर भाग, पण भोपळ्याचा नव्हे. लाकडाच्या पातळ पट्ट्या एकीशेजारी एक चिकटवून केलेला, सोललेल्या मोसंब्यासारखा. मान आखूड आणि तिच्यावर पडदे नाहीत. डोकं एकदम मागे मोडलेलं, कुणी काहीतरी भलतं बोलल्यासारखं. तारा अकरा: पाच जोड्या आणि खर्जाची एक एकटी. अकरा तारांना अकरा खुंट्या. माझ्या मते नाना या वाद्याच्या प्रेमात पडले ते या अकरा खुंट्यांमुळे. तंबोऱ्याला चारच असतात. चारांत नानांचं भागलं नसतं.

कारण नाना हा तयारीचा माणूस. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर नाना दोन महिने बूट शोधत होते. मनासारखे बूट मिळाले त्या दिवशी पाऊस सुरू झाला. मग छत्री शोधायला घेतली. भिंतीत एक खिळा ठोकायचा तर आधी पाणसळ, मग पेन्सिलची खूण, मग ती खूण पुसून दुसरी. गेल्या दिवाळीपासून त्यांच्याकडचं कॅलेंडर फ्रिजला टेकून उभं आहे. वहिनी सांगतात, “आमच्या लग्नातसुद्धा मुहूर्त टळायला आला होता. भटजी ‘सावधान’ म्हणून दमले, हे फेट्याचं टोक सारखं करत होते.” नाना यावर रागावत नाहीत. “फोटोत बघा फेटा,” म्हणतात. फोटोत फेटा खरंच फर्स्ट क्लास आहे.

आठ वर्षं ऊद भिंतीवर टांगलेला होता. (त्याचा खिळा आधीच्या भाडेकरूने ठोकलेला होता.) विरार पश्चिमेची हवा खारी, समुद्र अर्नाळ्याला, म्हणजे रिक्षाच्या टप्प्यात. खर्जाच्या तारा नायलॉनच्या बारीक तंतूंवर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळून केलेल्या असतात; त्या आठ पावसाळ्यांत आधी पिवळ्या, मग काळ्या आणि काही ठिकाणी हिरव्या झाल्या. एका रात्री त्यातली एक आपली आपणच तुटली. वहिनी चोर समजून लाटणं घेऊन बाहेर आल्या. नानांनी मात्र याला बोलावणं मानलं. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी येऊन म्हणाले, “मास्तर, आता शिकायचं. फक्त एकदा तारा नीट बघून घेऊ.”

तो ‘एकदा’ अजून चालू आहे.

पहिली फेरी झाली वसईला. वसईत वाद्यांची वानवा नाही. लग्नाला ब्रास बँड, चर्चमध्ये व्हायोलिन, पोरांच्या खांद्यावर गिटार. दुकानातल्या पोराने ऊदाचा फोटो बघितला, ‘ओके काका’ म्हणाला आणि गिटारच्या स्टीलच्या तारांचं पाकीट काउंटरवर आपटलं. नानांनी खिशातून मायक्रोमीटर काढला. पोराने आयुष्यात पहिल्यांदा असं गिऱ्हाईक बघितलं असावं. नाना विचारत होते, जाडी किती, कुठल्या लांबीला, कुठल्या सुरात, ताण किती? पोरगा म्हणाला, “काका, वाजतात.”

इथे नानांचं बरोबर होतं, हे मला कबूल करायला हवं. ऊदाची घोडी पातळ तबकडीवर नुसती सरसाने चिकटवलेली असते. तारा तिलाच बांधतात, मागे दुसरा आधार नाही. त्यावर स्टीलच्या तारा चढवून ताणल्या तर सूर लागायच्या आत घोडीच उखडून हातात यायची. एवढं समजावल्यावर पोराने नायलॉनच्या, क्लासिकल गिटारच्या तारा काढून दिल्या. त्यातल्या दोन मधल्या जोडीला बऱ्या बसल्या. उरलेल्या चारांवर वहिनी सध्या रुमाल वाळत घालतात.

दुसरी फेरी सातासमुद्रापार. भाचा कामासाठी इस्तंबूलला गेला होता, त्याला नानांनी ऊदाच्या तारांचा संच आणायला सांगितला. त्याने आणला, खास ऊदाचाच. पण तो तुर्की ऊदाचा, आणि नानांचा ऊद अरबी. अरबी ऊदाची तार अटीपासून घोडीपर्यंत साधारण एकसष्ट सेंटिमीटर, तुर्कीची साडेअठ्ठावन्न; शिवाय तुर्की लोक तो एक सूर वर लावतात. म्हणजे तारा त्या मानाने बारीक. अरबी सुराला उतरवल्या की लोंबतात. नानांनी त्या चढवल्या, छेडल्या आणि म्हणाले, “ऐका. हा षड्ज आहे का पायजम्याची नाडी?”

तिसरी फेरी अर्नाळ्याची, आणि तिला मी साक्षीदार आहे. वरच्या जोड्यांना हल्ली पुष्कळ ऊदवाले मासेमारीची फ्लोरोकार्बनची दोरी वापरतात, असं नानांना कळलं. आपण ज्याला तंगूस म्हणतो, त्यातलाच हा भारी प्रकार. साध्या नायलॉनपेक्षा जड, म्हणून तेवढ्याच सुराला तो बारीक लागतो आणि आवाज जास्त टणटणीत येतो. गळ-जाळ्यांच्या दुकानात एक तरुण होता, मागे त्याचे वडील जाळं विणत बसलेले. पोराने विचारलं, “काय धरायचंय काका? रावस का घोळ?”

नाना म्हणाले, “वरचा षड्ज.”

पोराने मान वळवली. “बाबा, षड्ज कंच्या नंबरला लागतो?”

बापाने जाळ्यातून डोकं वर काढलं नाही. “आपल्याकडं नाय येत तो. सातपाटीला विचार.”

तरीही नानांनी तिथून सहा जाडींचा तंगूस प्रत्येकी तीन मीटर मोजून घेतला. घरी आल्यावर प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवली आणि एक लांब रजिस्टर उघडलं. ते रजिस्टर म्हणजे आमच्या सोसायटीतलं सगळ्यात व्यवस्थित ठेवलेलं दप्तर. सोसायटीच्या स्वतःच्या दप्तरापेक्षाही. तारीख, हवेतली आर्द्रता, तार क्रमांक, जाडी, सूर आणि शेरा. मी एकदा चोरून वाचलं. ‘७.४०: चौथी जोडी समाधानकारक. ७.५५: शेजारी कुकरच्या तीन शिट्ट्या. समाधान रद्द.’

लावण्याचं काम मुळात सोपं आहे. फक्त संपत नाही. नवी नायलॉनची तार दोन-चार दिवस ताणत राहते. पहिली लावून अकरावीपर्यंत यावं तोवर पहिली उतरलेली असते. मानेवरचा ताण वाढला की बाकीच्या किंचित खाली येतात, म्हणजे अकरावीने पहिल्या दहांचा विश्वासघात केलेला असतो. त्यात खुंट्या लाकडाच्या. जुलैत फुगून अशा घट्ट होतात की पकडीची आठवण यावी. डिसेंबरात कोरड्या पडून हात काढला की सर्रकन मागे फिरतात. मग घट्ट खुंटीला साबण आणि सैल खुंटीला खडू. विरारमध्ये तीन ऋतू असतात ही आपली समजूत. नानांच्या रजिस्टरात दोनच आहेत, साबणाचा आणि खडूचा.

फोनवरच्या ट्यूनरवर नानांचा विश्वास नाही. पंखा चालू असला की त्याचा काटा पंख्याचा सूर दाखवतो. म्हणून रोज नऊ वाजता हाक येते, “मास्तर, पेटी घेऊन या.” मी पांढरी एक दाबून बसतो. आमचं घराणं याच्या अगदी उलट. मी नोकरीत असताना विरारहून चर्चगेट लोकलच्या डब्यात भजन करायचो. तिथे गाडी हलायच्या आत पहिला अभंग सुरू झालेला असे, आणि सूर कुठला तर ज्याचा आवाज सगळ्यात मोठा त्याचा. ठेका डब्याच्या पत्र्यावर. कुणी लावत नव्हतं, सगळे वाजवत होते. हे मी नानांना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, “म्हणूनच १९४० साली रेडिओने तुमच्या पेटीला हाकललं.” ही बंदी खरी होती आणि आम्हा पेटीवाल्यांना ती अजून झोंबते. मी दोन दिवस वर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींनी घावणे पाठवले.

नानांच्या ज्ञानाबद्दल शंका घेऊ नये. मस्कतला रुवीमध्ये त्यांच्या कॅम्पात कैरोचा एक सुतार होता, तो ऊद वाजवायचा. सगळी विद्या त्याची. त्यानेच सांगितलं, की नवव्या शतकात बगदादला अल-किंदी नावाचा मोठा पंडित होऊन गेला, त्याने ऊदाच्या तेव्हाच्या चार तारांची सांगड माणसाच्या शरीरातल्या चार रसांशी घातली होती. सगळ्यात वरची तार पिवळ्या पित्ताची. नानांना अ‍ॅसिडिटी आहे. वरची जोडी चढी लागली की ते वहिनींना आमसुलाचं सार करायला सांगतात. सार प्यायल्यावर जोडी उतरल्याचं मी स्वतः ऐकलं आहे, पण ती खुंटीला खडू नसल्यामुळे, असं माझं मत.

नखी म्हणून पूर्वी गरुडाचं पीस वापरत, अरबीत तिला रीशा म्हणतात, म्हणजे पीसच. आता प्लास्टिकची मिळते. नानांनी वायरिंगच्या केबल टायची कापून, पॉलिश पेपरने टोक गोल घासून केली आहे. एक नव्हे, चौदा. “कुठली बरी?” असं विचारलं तर म्हणतात, “वाजवल्याशिवाय कसं सांगणार?” मग वाजवा की, म्हटलं तर मस्कतचा ठेवणीतला शब्द येतो: “बुक्रा.” बुक्रा म्हणजे उद्या. जोडीला ‘माफी मुश्किल’, म्हणजे काही अडचण नाही. अडचण कधीच नसते. फक्त बुक्रा असतो.

एका रात्री मात्र चमत्कार झाला. मी कंटाळून, नानांच्या तारांचे इंग्रजी सूर कागदावर लिहून त्यांच्यापुढे आपले सूर मांडत होतो. खर्जापासून वर: सी, एफ, ए, डी, जी आणि पुन्हा सी. पांढरी एक षड्ज धरला तर सा, म, ध, रे, प, सा. मी ते ओळीने लावले: सा रे म प ध. आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. गंधार नाही, निषाद नाही. हा तर दुर्गा! एकही बोट न ठेवता, नुसत्या मोकळ्या तारांत दुर्गा राग बसलेला. मी नानांना म्हटलं, एकदा वरून खालपर्यंत हात फिरवा. त्यांनी फिरवला. सूर त्या क्षणी, बहुधा चुकून, लागलेले होते. खोलीत असं काही भरून आलं की स्वयंपाकघरात वहिनींचा नळ बंद झाला.

“अजून एकदा,” मी म्हटलं.

नानांनी कान तारेजवळ नेला. “पंचम केसभर खाली आहे,” आणि खुंटीला हात घातला.

मध्यंतरी ते मिरजेलाही जाऊन आले. दादरला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसले, ऊद मांडीवर. मिरजेत शिकलगारांची पिढ्यान्पिढ्यांची घरं. पूर्वी हत्यारांना धार लावणारी ही मंडळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तंबोरे-सतारी करू लागली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने ऊद उलटापालटा करून पाहिला, पाठीवर टिचकी मारली, पंढरपूरकडच्या भोपळ्यांवर आयुष्य काढलेला माणूस तो. म्हणाला, “भोपळा चांगला केलाय लाकडाचा. पण पडदे कुणी काढले?” नाना त्याच्याकडे तीन दिवस राहिले. एक खुंटी नवी करून आणली. तीन दिवस काय बोललात, असं विचारलं तर म्हणाले, “जवारीवर.” ऊदाला जवारी नसते.

तक्रारी वाढल्या तसा विषय सोसायटीच्या सभेत आला. पाण्याचे टँकर, लिफ्ट आणि मग नाना. आरोप वाजवल्याचा नव्हताच. एक बाई पोटतिडकीने म्हणाल्या, “रोज टुंग, टुंग, टुंग. वाटतं आता सुरू होईल. झोप येत नाही हो, पुढचं ऐकायचं राहिलंय म्हणून!” नानांनी बचावात १९७१ सालचा न्यूयॉर्कचा बांगलादेशासाठी झालेला कार्यक्रम काढला. तिथे पंडित रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी नुसती वाद्यं लावली, तरी हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मागच्या रांगेतून वहिनी म्हणाल्या, “त्यांनी नंतर वाजवलंही होतं.”

ठराव झाला, आणि सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदा एकमताने: ‘नानांनी नवरात्रात वाजवावे.’ गरब्याच्या आधी वीस मिनिटं. आमच्या डोक्यावर जीवदानीचा डोंगर, नवरात्रात सगळं विरार तिच्या पायऱ्यांवर. दुर्गेपुढे दुर्गा, असं मीच सुचवलं. नानांनी ‘बुक्रा’ म्हणायच्या आत सेक्रेटरींनी लिहून टाकलं.

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मी त्यांना विचारलं, “नाना, तुमचा तो कैरोवाला काय वाजवायचा? तेच वाजवा थोडं.”

नाना बराच वेळ खडू हातात फिरवत बसले. मग म्हणाले, “तो गुरुवारी संध्याकाळी बसायचा. तेव्हा तिकडे सुट्टी गुरुवार-शुक्रवार. साडेसातला लावायला घ्यायचा. काय लावायचा, मास्तर! अंगावर काटा यायचा. पण माझी ड्यूटी आठची. बस आली की निघायचो.”

“आणि परत आल्यावर?”

“तोवर तो झोपलेला असे.”

मी हिशोब केला. त्या बावीस वर्षांतले जेवढे गुरुवार, तेवढे अर्धे-अर्धे तास. मी पेटी बंद करून खाली आलो.

कार्यक्रमाच्या दिवशी नाना पाच वाजल्यापासून लावत होते. कडक इस्त्रीचा झब्बा, खिशात चौदा नख्या. आठ वाजता मंडपात आणून बसवले तर वर दोन हॅलोजन. त्या उष्णतेने अकराच्या अकरा तारा उतरल्या. नानांनी पुन्हा पहिलीपासून घेतलं. केडियू घातलेली पोरं टिपऱ्या हातात धरून उभी, डीजेवाला फोनमध्ये, आजी पहिल्या रांगेत पदर सावरून. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. अठराव्या मिनिटाला नानांनी डोळे मिटले, केबल टायची नखी उचलली आणि वरून खालपर्यंत एकदा हात फिरवला.

सा म ध रे प सा. सगळे लागलेले होते. मी शपथेवर सांगतो. मंडपात एक लहान मूल रडत होतं ते गप्प झालं. डीजेवाल्याने फोनवरून मान वर केली. नानांनी डोळे उघडले, स्वतःच जरा घाबरल्यासारखे दिसले आणि हात पुन्हा उचलला.

ट्टाक.

वरची तार. अर्नाळ्याची. ‘अरेरे’ असा सगळ्यांचा एकदम श्वास सुटला. आजींनी कपाळाला हात लावला. मी नानांना धीर द्यायला म्हणून पुढे वाकलो, तर त्यांचा चेहरा असा उजळला होता की लग्नाच्या फोटोत, त्या फेट्याखालीही, एवढा नसेल. त्यांनी तुटलेलं टोक बोटांत धरून हॅलोजनपुढे निरखलं, झब्ब्याच्या खिशातून मायक्रोमीटर काढून जाडी मोजली.

“मास्तर, पुढचा नंबर लागणार. दुकान कधी बंद करतो तो?”

“नऊला. पण उद्या जाऊ की, नाना.”

“उद्या कशाला?” ऊद माझ्या मांडीवर ठेवून नाना उठलेसुद्धा. “रिक्षाने पंधरा मिनिटं. माफी मुश्किल.”

डीजेचा पहिला दणका बसला तेव्हा नाना मंडपाच्या बाहेर रिक्षाला हात करत होते आणि वहिनी मागून ओरडत होत्या, “अहो, दसरा तरी होऊ द्या! म्हणजे येताना रावस आणता येईल!”